कंबरेचा दगड

निर्गुडेच्या पात्रात एखादा बऱ्या घरचा माणूस गुडघाभर पाण्यात वाकून उभा दिसला, की काठावरच्या लोकांच्या मनात दोनच शंका येतात. एक तर त्याचं काहीतरी हरवलं असावं, नाहीतर डोकं फिरलं असावं. बबनराव आसुटकर त्या सकाळी नवेकोरे गमबूट घालून, एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात बॅटरी घेऊन उभे होते. भर उन्हात बॅटरी म्हटल्यावर लोकांनी आधी दुसरी शंका धरली होती. पण माणूस आपल्या वणीतला आणि पेन्शनवाला, म्हणून मोठ्या मनाने पहिलीवर आले.

"काय हरपलं जी काका?" बैल धुणाऱ्या एकाने विचारलं.

"काही नाही, असंच."

असंच कोणी नदीत उभं राहत नाही. कपडे धुणाऱ्या बाईने हातातलं धोपाटणं खाली ठेवलं. "सोन्याचं हाय का?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता लुगडं खोचून पाण्यात उतरली. बघता बघता सहा-सात माणसं निर्गुडेचा तळ चाचपू लागली. आता खरं सांगावं, तर ज्या लोकांनी जन्मभर वावरातले दगड वेचून धुऱ्यावर फेकले, त्यांना 'मी दगड वेचायला आलो आहे' हे कोणत्या तोंडाने सांगायचं? बबनरावांनी पटकन सुचेल ते सांगितलं, "किल्ली."

लोकांनी इतक्या मनापासून शोधलं, की किल्ली सापडली. वीतभर लांबीची, गंजलेली, बहुधा कोण्या जुन्या पेटीची होती ती.

"हेच का जी?"

"हेच," बबनराव म्हणाले. दुसरा इलाजच नव्हता. सगळ्यांना टपरीवर चहा पाजून ती कोणाची कोण जाणे किल्ली खिशात घालून ते घरी आले. त्यांच्या दगड शोधण्याच्या छंदाचा हा पहिला दिवस.

बबनरावांची उभी नोकरी कोळशाच्या खाणीत वजनकाट्यावर गेली. ट्रक यायचा, काळा दगड मोजायचा, ट्रक जायचा. निवृत्त झाल्यावर त्यांच्या वसाहतीतल्या, म्हणजे ले-आउटमधल्या, प्रत्येकाने त्यांना एकेक उद्योग सुचवला. शेळ्या पाळा, भजनी मंडळात या, मंगल कार्यालयाचं बुकिंग सांभाळा. पत्नी कोकिळाबाईंची अट एवढीच होती, "काहीबी करा, पण माया स्वयंपाकखोलीत काही करू नका." अशात त्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आला. कुठल्याशा परदेशातला टोपीवाला म्हातारा ओढ्यात हात घालतो, एक शेवाळलेला धोंडा उचलतो, त्यामागे बॅटरी धरतो आणि धोंडा आतून हिरवागार पेटतो. जेड नावाचं रत्न! मग शेजारी उभी असलेली त्याची बायको त्याच्या गळ्यात पडते. बबनरावांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. त्यातला दगड त्यांनी दोनदाच पाहिला.

निर्गुडेत जेड सापडतं असं कोणत्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण सापडत नाही असंही कोणी लिहिलेलं नव्हतं, आणि काट्यावर जन्म काढलेल्या माणसाला हरकत नोंदलेली नसणं म्हणजेच मंजुरी, हे पक्कं ठाऊक असतं.

शेजारच्या नजीरभाईंचं यवतमाळ रोडवर मोटारसायकलचं गॅरेज होतं. बबनरावांनी सर्वांत आधी त्यांना विश्वासात घेतलं.

"नजीरभाई, मी जेड शोधून राह्यलो."

"कोणत्या गाडीचा पार्ट हाय?" नजीरभाईंनी विचारलं.

पलीकडच्या घरात विठ्ठलराव उरकुडे राहत. मारेगावकडे त्यांची कपाशी, इकडे घर, आणि पोटात मुतखडा. ते म्हणाले, "झेड? इंग्रजीतला शेवटचा? मंग आधीचे सगळे सापडले म्हनायचे."

अशा वातावरणात संशोधन करायचं म्हणजे माणसाला जाड कातडी लागते. बबनरावांची तशी नव्हती. पण जिद्द होती. कपाशी वेचणीला आली, नदीचं पाणी उतरलं आणि बबनरावांच्या घरात दगड चढू लागले. ते निवडायच्या कसोट्या त्यांनी पाठ केल्या होत्या. खरं जेड काचेवर चरा पाडतं. ही कसोटी झाली तेव्हा कोकिळाबाई मंडईत गेल्या होत्या. आल्यावर त्यांना शोकेसच्या काचेवर रांगोळी काढल्यासारख्या रेघा दिसल्या. खरं जेड टोला मारला की किणकिणतं. दुपारी दोन ते चार ले-आउट झोपलेलं असतं, तेव्हा ती कसोटी चाले. खरं जेड गालाला लावलं तर बराच वेळ गार राहतं. स्वतःचा गाल किती वेळा विश्वासात घ्यायचा? म्हणून ते बोलता बोलता समोरच्याच्या गालाला दगड टेकवून पाहत. दोनेक आठवड्यांत लोक त्यांच्याशी हातभर लांबून बोलू लागले. आणि खरं जेड पाण्यात वजनदार भरतं, हे तपासायला दुधाचं गंज, म्हणजे पातेलं, लागतं. त्याबद्दल घरात जे बोलणं झालं ते इथे सांगण्यात अर्थ नाही. त्या दिवसापासून दगडांची रवानगी गच्चीवर झाली, एवढं पुरे.

आता मुख्य गोष्ट. एका संध्याकाळी बबनराव अंगणात बसून तळहाताएवढा एक हिरवा, गुळगुळीत दगड तेलाच्या बोटाने चमकवत होते. विठ्ठलराव कंबर धरून, तोंड वाकडं करत आले. डॉक्टरांनी औषध दिलं होतं, दिवसभर पाणी प्यायला सांगितलं होतं, कळ काही थांबत नव्हती. बबनरावांना ऐकणारा हवाच होता.

"विठ्ठलराव, जेडचा इतिहास फार मोठा आहे. चीनमध्ये याला सोन्यापेक्षा मान. आपल्याकडे मोगलांच्या तलवारीच्या मुठी याच्या. अन् स्पेनचे लोक तर याला म्हणत कंबरेचा दगड. मुतखडा झाला की कंबरेला बांधत."

बबनरावांच्या व्याख्यानातलं चीन गेलं, मोगल गेले, स्पेनही गेलं. विठ्ठलरावांच्या कानात फक्त शेवटचं वाक्य उरलं. दगड त्यांनी हातात घेतला, उलटापालटा केला आणि 'पाहून देतो' म्हणून घरी नेला. घरी गेल्यावर करदोड्यात अडकवून कंबरेला बांधला. चौथ्या दिवशी त्यांचा खडा पडला.

आता, डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या. विठ्ठलराव घागरीने पाणी पीत होते. पण गोळ्या तर आधीही चालू होत्या, पाणी तर माणूस रोजच पितो. नवीन काय, तर दगड. कपाशीवर बोंडअळी कशाने गेली हे ठरवण्याची जी शास्त्रीय पद्धत विठ्ठलराव वापरत, तीच त्यांनी इथे वापरली.

ते पेढे घेऊन आले आणि थेट बबनरावांच्या पायाशी वाकले. "बबनराव, तुमी देवमाणूस हा!"

"अहो, त्या स्पेनच्या लोकांची ती समजूत होती—"

"त्यायलेबी गुण आला असंल, म्हनूनच ना!"

दुसऱ्या दिवशी फाटकाशी दोन माणसं उभी होती, तिसऱ्या दिवशी पाच. मग मारेगावची जीप आली. नंतर यवतमाळजवळच्या लोहाऱ्याहून कारखान्यातला एक फिटर आला. तो कामावरून परस्पर आला होता आणि वाकूनच आला होता. बबनराव प्रत्येकाला जेड म्हणजे काय, ते कसं घडतं, त्याला घडायला किती कोटी वर्षं लागतात, हे सांगायला सुरुवात करत. माणूस हात जोडून शेवटपर्यंत ऐकून घेई आणि विचारी, "डाव्या बाजूले बांधू की उजव्या?"

जन्मात कोणी त्यांचं इतकं ऐकलं नव्हतं, आणि इतकं न ऐकलेलंही नव्हतं. त्यांनी स्वतःला 'दगडांचे संग्राहक' म्हणवून घेण्याची हौस बाळगली होती. वणीने त्यांना पदवी दिली: मुतखडेवाले काका. एवढ्या वर्षांच्या नोकरीत ज्यांनी साहेबाचा 'अरे बबन' सहन केला नाही, त्यांना ही पदवी चारचौघांत, मंडईत, लग्नाच्या पंगतीतही ऐकावी लागे. पंगतीत तर कोणी वाढता वाढता विचारी, "काका, वांगं चालते का?" जिलेबी हातात धरून मुतखड्याचं पथ्य सांगणं हा काय मानाचा भाग आहे?

दगड ते कोणाला विकत नव्हते, हे खरं. पण देत होते. "नेऊन ठेवा, छान दिसतो," असं म्हणून देत होते. म्हणजे आपण औषध म्हणून दिला नाही, ही मनाची सोय. आणि मागणी वाढली, तसे नदीवरच्या फेऱ्याही वाढल्या.

एका सकाळी स्कूटरवर अर्धं पोतं दगड घेऊन ते परतत असताना रस्त्यात जीप आडवी झाली. रेतीचोरांच्या मागावर असलेलं पथक होतं. रेतीचोर बहुधा दुसऱ्या रस्त्याने गेले असावेत.

"पोत्यात काय हाय?" साहेबांनी विचारलं.

"दगड."

"रॉयल्टीची पावती?"

"साहेब, हा छंद आहे माझा."

"मंग छंदाची पावती दाखवा."

बबनरावांनी जेडचं महत्त्व सांगायला घेतलं, तेव्हा साहेबांनी त्यांना हाताने थांबवलं. नदीतला दगड सरकारचा. तो न्यायचा तर परवाना पाहिजे. परवान्यासाठी अर्ज करता येईल. पण परवाना ब्रासच्या हिशेबाने निघतो आणि एक ब्रास म्हणजे ट्रॉलीभर. अर्ध्या पोत्याचा परवाना निघत नाही.

"म्हणजे ट्रॉलीभर नेलं तर चालेल, अन् अर्धं पोतं नेलं तर गुन्हा?"

"नियमात राहाले शिका जरा," साहेब समजुतीने म्हणाले. "या वयात कायले हे धंदे?"

पोतं जीपमध्ये चढणार, स्कूटर कचेरीत जाणार आणि उद्याच्या पेपरात 'रेतीतस्कर निवृत्त बाबू' असा मथळा येणार, हे सगळं बबनरावांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तेवढ्यात जीपचा ड्रायव्हर खाली उतरून निरखून पाहू लागला. "साहेब, हे तं मुतखडेवाले काका हायत! माया साळ्याले यायचाच दगड लागू पडला."

साहेबांचा चेहरा पालटला. हात आपसूक स्वतःच्या कंबरेवर गेला. "खरं का?"

त्या क्षणी बबनराव 'नाही' म्हणू शकले असते. संग्राहकाची मान ताठ ठेवून, पोत्यासकट कचेरीत जाऊ शकले असते. ते खोकले. नुसतेच खोकले; पण वणीत खोकल्याचा अर्थ 'हो' असाच होतो. साहेबांनी पोतं स्वतःच्या हाताने स्कूटरवर नीट बसवून दिलं. घरापर्यंतचा रस्ता बबनरावांना कधी नव्हे इतका लांब वाटला.

मन खात होतं, म्हणून त्यांनी एक दगड घेऊन कॉलेज गाठलं. तिथल्या भूगर्भशास्त्राच्या अर्पिता मॅडम वयाने लहान, बोलायला गोड. दगड त्यांनी भिंगाखाली धरला.

"काका, ही गारगोटी आहे."

"हिरवी आहे मॅडम."

"हो ना. हिरवी गारगोटी आहे. फार सुंदर आहे." बबनरावांचा चेहरा पाहून त्यांनी भर घातली, "खरंच, फार सुंदर आहे."

गारगोटी! शेंबडं पोरगंही जी दुसरीवर घासून ठिणगी पाडतं, ती. बबनराव घरी आले आणि फाटकाशी उभ्या असलेल्या लोकांना त्यांनी जड आवाजात सांगून टाकलं, "ऐका. हे जेड नाही. साधी गारगोटी आहे. आपल्या निर्गुडेतली."

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. विठ्ठलराव पुढे झाले. "मंग तं आनखीच चांगलं झालं. विदेशी मालावर माया भरोसा नवताच."

हे असंच चाललंही असतं. पण एका दुपारी नजीरभाई गॅरेज अर्धवट बंद करून, ग्रीसचे हात घेऊनच आले. ते नेहमी दारातून हाक मारत. त्या दिवशी सरळ आत आले आणि बसले नाहीत.

"बबनभाऊ, अम्मी दवाखान्यात येऊन नाही राह्यली."

नजीरभाईंच्या आई आयशाबी यांना आठवडाभर कंबरेत कळ होती. दोन दिवसांपासून हुडहुडी भरून ताप येत होता. आणि त्या उशीखाली बबनरावांचा दगड घेऊन झोपल्या होत्या. तो त्यांनी स्वतः मागून नेला होता. त्यांच्या नानीच्या गळ्यात म्हणे असाच हिरवा यशबचा, म्हणजे जेडचाच, तुकडा होता, छातीच्या धडधडीवर. नानी नव्वद वर्षं जगली.

"मी म्हनलं, अम्मी, चल. थे म्हंते, बबनचा दगड हाय ना घरात. आता सांगा, मी काय करू?" नजीरभाईंनी ग्रीसचे हात पँटला पुसले. "माया आईले काही झालं ना भाऊ, तर मी तुमाले काही म्हननार नाही. पन मंग मी तुमच्याशी बोलनारबी नाही."

बबनरावांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. आतापर्यंत जे काय गेलं होतं ते त्यांच्या अब्रूतलं गेलं होतं. अब्रू आपली असते, जरा इकडेतिकडे झाली तरी चालते. ही बाई मात्र दर ईदला त्यांच्यासाठी शीरखुर्म्याचं भांडं वेगळं काढून ठेवायची.

ते तसेच उठले. आयशाबी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. बबनराव खाटेशी खाली बसले. "अम्मी, तो दगड खोटा आहे. मी थट्टेत काहीतरी बोललो, लोकांनी धरलं. त्यात काही नाही."

आयशाबींनी कूस बदलली. "तू लहानपनापासून असाच. आपली तारीफ नाही करत."

"तारीफ नाही अम्मी, खरं सांगून राह्यलो!"

"ज्याच्या हाताले गुन असते ना बेटा, थो असाच म्हंते."

खरं बोलून उपयोग नाही, हे बबनरावांना कळलं. त्यांच्या मागोमाग कोकिळाबाईही आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पाठीत कोपराने ढोसलं आणि कानाशी पुटपुटल्या, "तुमचंच दुखते म्हना."

बबनराव क्षणभर गोंधळले. मग त्यांनी कंबर धरली. "अम्मी, आता तुम्हालाच सांगतो. मले बी दुखते. चार दिवस झाले. माझ्या दगडानं माझं काहीच होऊन नाही राह्यलं. दवाखान्यात जातो म्हणतो, पण एकट्यानं जायची हिंमत होत नाही."

आयशाबी उठून बसल्या. ताप होता, कळ होती, पण डोळ्यांत एकदम काळजी आली. "अगं बाई! हे आधी नाही सांगायचं? वैद्याची दवा वैद्याले कधी लागते का? नजीर, ऑटो बोलव. पोरगा एकटा कसा जाईल?" अशा रीतीने स्वतःसाठी पाऊल न उचलणाऱ्या आयशाबी बबनरावांची सोबत म्हणून दवाखान्यात गेल्या. वाटेत बबनराव कण्हत होते. कोकिळाबाई खुणेने 'थोडं कमी' असं सुचवत होत्या.

डॉक्टरांना नजीरभाईंनी बाजूला घेऊन सगळा प्रकार सांगितला. डॉक्टर हसले, म्हणाले, "ठीक आहे. आधी काकांची सोनोग्राफी करू, म्हणजे अम्मींना धीर येईल." बबनराव टेबलावर आडवे झाले. पोटावर गार जेली पडली. डॉक्टरांनी यंत्र फिरवलं, फिरवलं आणि एका जागी थांबवलं. पुन्हा तिथेच आणलं.

"काका, तुम्हाला खरंच दुखत नाही?"

"नाही हो," बबनराव हळू आवाजात म्हणाले. "तुम्हाला सांगितलं ना नजीरभाईंनी? नाटक आहे."

"नाटक नाही काका. हा पाहा. चांगला चिंचोक्याएवढा आहे." डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "तुम्ही बाहेर कुठे शोधत होता?"

आयशाबींना दोन बारीक खडे निघाले आणि लघवीत जंतू. डॉक्टरांचं हसणं त्यांच्या वेळी थांबलं होतं. आणखी दोन-तीन दिवस घरी काढले असते तर किडनी गमवावी लागली असती, असं त्यांनी नजीरभाईंना सांगितलं. आयशाबींना तिथल्या तिथे दाखल करून सलाइन लावलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला आणि त्यांनी पहिली चौकशी केली ती बबनरावांची. बबनरावांना त्याच दिवशी यवतमाळला नेऊन पाठीला बारीक छेद देऊन दुर्बिणीने खडा काढला होता. नजीरभाई गॅरेज बंद ठेवून त्यांच्यासोबत गेले होते. ऑपरेशनच्या खोलीबाहेर त्यांनी कोकिळाबाईंना चहा आणून दिला आणि म्हणाले, "वहिनी, मी त्या दिवशी जास्त बोललो." कोकिळाबाई म्हणाल्या, "कमीच बोलले तुमी."

आता तरी भ्रम फिटेल, असं बबनरावांना वाटलं. मुतखड्याच्या बाबालाच मुतखडा! एखाद्याचा बाजार उठवायला याहून अधिक काय लागतं? घरी आल्यावर फाटकाशी कोणी नसेल, आपण शांतपणे अंगणात बसू. पुन्हा नदीवर जायचं की नाही, ते मग ठरवू.

फाटकाशी उभं राहायला जागा नव्हती. विठ्ठलराव नारळ घेऊन सर्वांत पुढे होते आणि त्यांचे डोळे भरून आले होते.

"बबनराव, तुमी आमचे खडे सोताच्या आंगावर घेतले!"

"काय?"

"वणीभर झालं. इतक्या लोकायले मोकळं केलं, थे सगळं जाईल कुठं? तुमच्याच पोटात गोळा झालं. अन् आमाले सांगत होते, गारगोटी हाय म्हनून!"

बबनरावांनी मदतीसाठी नजीरभाईंकडे पाहिलं. आख्ख्या ले-आउटमध्ये तेवढा एकच माणूस शुद्धीवर होता. नजीरभाईंनी नजर चुकवली. "अम्मीबी तेच म्हनून राह्यली, भाऊ."

बबनराव फाटकाच्या चौथऱ्यावर चढले. टाके ओढत होते. "ऐका रे सगळे! मी दवाखान्यात गेलो, म्हणून वाचलो. अम्मी दवाखान्यात गेल्या, म्हणून वाचल्या. ज्याच्या पोटात दुखते, त्याने सरळ दवाखान्यात जा. सोनोग्राफी करा. डॉक्टर देतात त्या गोळ्या खा. अन् दगड नदीत नेऊन टाका!"

मग मागून कोणीतरी म्हणालं, "काकांचा हुकूम हाय, दवाखान्यात जा." लोकांनी हात जोडले, नारळ चौथऱ्यावर ठेवले आणि एकेक करत निघाले. लोहाऱ्याच्या फिटरने जाता जाता विचारलं, "डावी सोनोग्राफी करू की उजवी?"

पुढच्या आठवड्यात वणीचे डॉक्टर स्वतः बबनरावांचं ड्रेसिंग पाहायला घरी आले. एरवी ते कोणाच्या घरी जात नसत. त्यांनी जखम पाहिली, छान आहे म्हणाले, कोकिळाबाईंचा चहा घेतला, आणि तरी उठेनात.

"काका, तुमच्यामुळे दवाखान्यात पाय ठेवायला जागा नाही. जे वर्षानुवर्षं सांगून येत नव्हते, ते आले. म्हणतात, काकांनी पाठवलं. गोळ्यासुद्धा वेळेवर घेऊन राह्यले." डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि जरा पुढे सरकले. "एक विनंती होती. तेवढं ब्लड प्रेशरच्या गोळ्यांचंही सांगून टाका ना."

बबनराव ताठ बसले. आपण संग्राहक आहोत, बाबा नाही. हे आता शेवटचं आणि स्पष्ट सांगून टाकायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. त्यासाठी त्यांनी घसा खाकरला. डॉक्टरांना तो होकार वाटला. ते "आभारी आहे" म्हणून उठले आणि त्यांनी नकळत वाकून बबनरावांच्या पायांना हात लावला.

बबनरावांनी एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे.

"कोणत्या वारी सांगू?" त्यांनी विचारलं.